मनातले चित्र आणि पायाखालची वाट



या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही 'कल्पना' हा विषय घेतला आहे. तो घेण्यास दोन माणसे कारण झाली.

एका खेड्यात प्रवचन आटोपून आम्ही देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. एक म्हातारे वारकरी हळूच जवळ आले. चाळीस वर्षे वारी केलेले गृहस्थ. इकडेतिकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाले, "म्हाराज, एक इचारू का? तुम्ही म्हंता डोळं मिटा आन् रूप बघा. समदी बघत्यात. मला नुस्ता काळोख दिसतो. इतकी वर्सं कुनाला बोललो न्हाई. माजी भक्ती कच्ची तर न्हाई ना?"

त्यांना उत्तर द्यावे तोच एक विशीतला मुलगा पुढे आला. त्याची गोष्ट उलट. त्याला डोळे मिटले की सारे लख्ख दिसे. पोलिसभरतीत तो दोनदा नापास झालेला. आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाते. मोबाइलवर त्याने कोणाचे तरी व्याख्यान ऐकले होते की, जे हवे ते मनात पाहा, म्हणजे ते आपोआप चालत येते. "बुवा, मी रोज रात्री अर्धा तास स्वतःला वर्दीत बघतो. आई ओवाळते, गावातली माणसं उठून उभी राहतात, सगळं दिसतं. तरी होत का नाही?"

आम्ही विचारले, "सकाळी पळायला किती वाजता जातोस?" तो खाली पाहू लागला.

एकाला काही दिसत नाही म्हणून दुःख, दुसऱ्याला सगळे दिसते तरी दुःख! दोघांनाही त्या रात्री आमच्याकडून पुरते उत्तर मिळाले नाही, कारण ते आमच्यापाशी तयार नव्हते. पुढे आम्ही जे वाचले, विचारले व स्वतःवर तपासून पाहिले, ते येथे क्रमाने मांडतो.

कल्पना म्हणजे काय?

जे समोर नाही ते मनाने समोर आणणे, ही कल्पना. तिची करामत पाहण्यास लांब जावे लागत नाही. कोवळ्या चिंचेचे बुटुक मिठाला लावून दाताखाली धरले आहे, असे क्षणभर मनात आणा. तोंडाला पाणी सुटले की नाही? चिंच तर कुठेच नाही! ओस्लो विद्यापीठातील दोन संशोधकांनी 2014 साली याच जातीची एक गोष्ट प्रसिद्ध केली. माणसाने मनात ऊन पडलेले आकाश आणले की डोळ्याची बाहुली लहान होते, अंधारी खोली आणली की मोठी होते. बाहुली लहानमोठी करणे काही आपल्या हातातले काम नव्हे. तरी मनातल्या उन्हाने ती खऱ्या उन्हासारखी आकसते. याचे कारण असे की, पाहताना मेंदूतील जे भाग काम करतात, त्यांतले पुष्कळसे मनात पाहतानाही जागे होतात.

आपल्या वेदान्तात दोरीवरच्या सापाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. त्यात एक बारकावा आपण विसरतो. साप खोटा असतो. पण छातीतली धडधड खोटी नसते, फुटलेला घाम खोटा नसतो, आणि मागे उडी मारताना पाय मुरगळला तर ते दुखणेही खोटे नसते. कल्पित वस्तूचा परिणाम मात्र खरा, हे या पाठाचे पहिले सूत्र ध्यानात ठेवावे.

चित्रापासून कृतीपर्यंतचा जिना

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, 62 व 63 या श्लोकांत, माणूस कसा घसरतो त्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृती ढळणे, मग बुद्धी जाणे आणि शेवटी नाश. यातली पहिली पायरी कृतीची नाही. ती चिंतनाची, म्हणजे मनात पुन्हा पुन्हा वस्तू पाहण्याची आहे. घसरण तिथेच सुरू होते आणि ती कोणाला दिसत नाही.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशी थोडी बोलाचाली झाली होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्ही मनात तोच प्रसंग काढला. आता तो असे म्हणेल, मग आम्ही तसे म्हणू. तो अंगावर येईल, मग आम्ही पंचांना बोलावू. पंच आले, निवाडा झाला, भाऊ हरला. पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहाटेपर्यंत असे चार-पाच तंटे झाले. भाऊ बिचारा शेजारच्या खोलीत घोरत होता! सकाळी तो चहाचा कप घेऊन आला आणि "दादा, घ्या" म्हणाला, तेव्हा आम्ही तोंड फिरवले. त्याने न बोललेल्या शब्दांबद्दल आम्ही त्याला शिक्षा केली. तो कप ओट्यावर गार झाला. पुढे दोन महिने दोन्ही घरांत बोलणे नव्हते. एका कपाची ती किंमत पडली.

चिंता, मत्सर, जुना अपमान उगाळणे, ही सगळी कल्पनेचीच कामे आहेत. आपण त्यांना 'विचार' म्हणतो म्हणून सावध राहत नाही. मनात चित्र चढले की वृत्ती त्याप्रमाणे रंगते, आणि वृत्ती रंगली की हात, पाय, जीभ तिच्या मागे जातात.

कुंभारणीच्या दृष्टान्ताविषयी

येथे कोणी म्हणेल, "मग उत्तमच झाले! अळी कुंभारीण माशीचे चिंतन करता करता कुंभारीण होते, तसा माणूस जे चिंतील ते होईल." हा भ्रमर-कीटकाचा दृष्टान्त आपल्याकडे फार जुना आहे आणि प्रवचनात आम्हीही तो वापरला आहे. पण प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी जे पाहिले तेही सांगितले पाहिजे. कुंभारीण अळीला नांगी मारून बधिर करते, मातीच्या घरट्यात ठेवते, त्यात आपले अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेले तिचे पिल्लू ती अळी खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर माती फोडून बाहेर येते. आत अळी ठेवली होती, बाहेर माशी आली, एवढेच पूर्वीच्या लोकांनी पाहिले आणि त्यावर दृष्टान्त बसवला.

दृष्टान्त सिद्धान्ताला समजावण्यापुरता असतो. चिंतनाने मन घडते, हा सिद्धान्त खरा आहे. पण नुसत्या चिंतनाने अळीला पंख फुटत नाहीत, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टींच्या मधली वाट आपल्याला शोधायची आहे.

कल्पनेने किती होते?

अमेरिकेत 1992 साली यू आणि कोल या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांनी चार आठवडे, आठवड्यातून पाच वेळा, हाताची करंगळी जोर लावून बाजूला ताणण्याचा व्यायाम केला. दुसऱ्यांनी तोच व्यायाम बोट न हलवता केवळ मनात केला. तिसऱ्यांनी काहीच केले नाही. खरा व्यायाम करणाऱ्यांचे बळ शेकडा 30 ने वाढले, मनात करणाऱ्यांचे शेकडा 22 ने आणि काहीच न करणाऱ्यांचे शेकडा 4 हून कमी. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत इतका लाभ आढळला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरी वाचणाऱ्याने थबकावे असाच हा निकाल आहे.

1995 साली पास्कुआल-लेओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोवर असेच पाहिले. पाच बोटांचा एक धडा काहींनी पाच दिवस रोज दोन तास वाजवला. काहींनी वाद्यासमोर बसून, बोट न हलवता, तो मनातच वाजवला. मेंदूत बोटांचे काम पाहणारा भाग दोघांच्याही बाबतीत वाढलेला दिसला. पाचव्या दिवशी मनात वाजवणाऱ्यांचा हात खऱ्या वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतका तयार झाला होता. मग त्यांना एकदाच दोन तास प्रत्यक्ष वाजवू दिले, तेव्हा त्यांनी उरलेले अंतर जवळजवळ भरून काढले.

आपल्या पखवाजाच्या शिक्षणात हे नवे नाही. गुरुजी आधी बोल तोंडाने म्हणायला लावतात, मांडीवर हात चालवायला लावतात. चांगला विद्यार्थी गाडीत बसल्या बसल्या मनात ठेका धरतो. पण दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट सारखी होती, ती पाहा. लोकांनी मनात टाळ्या ऐकल्या नाहीत, बक्षीस घेतले नाही. त्यांनी बोट ताणले, बोट उचलले, बोट ठेवले. म्हणजे त्यांनी मनात कृती केली, फळ पाहिले नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

आता वर्दीच्या चित्राकडे येऊ. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील फाम आणि टेलर यांनी 1999 साली परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना रोज थोडा वेळ असे मनात पाहायला सांगितले की निकाल लागला आहे, उत्तम गुण मिळाले आहेत, आनंद झाला आहे. दुसऱ्यांना सांगितले की, आपण अभ्यासाला बसलो आहोत, पुस्तक उघडले आहे, पाने वाचत आहोत, असे पाहा. अभ्यास पाहणाऱ्यांचा अभ्यास जास्त झाला व गुणही वाढले. त्यांची आखणी नीट झाली आणि धास्ती कमी झाली. निकाल पाहणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही.

याहून उद्बोधक काम गॅब्रिएल ओटिंगेन या बाईंचे आहे. वजन उतरवण्यासाठी आलेल्या 25 स्त्रियांचा त्यांनी व वॉडेन यांनी अभ्यास केला व तो 1991 साली प्रसिद्ध केला. 'मला हे जमेल' असा भरवसा असलेल्या स्त्रियांचे वजन जास्त उतरले. पण ज्या सडपातळ झालेल्या स्वतःची गोड गोड स्वप्ने पाहत, त्यांचे कमी उतरले. भरवसा वेगळा आणि स्वप्नरंजन वेगळे, हा भेद येथे स्पष्ट होतो. पुढे 2011 साली कॅप्स आणि ओटिंगेन यांनी दाखवले की, अशी गोड चित्रे पाहिल्यावर माणसाचा रक्तदाब किंचित खाली येतो. कामाला लागताना शरीर जसे सज्ज होते, त्याच्या उलट ते सैल पडते.

म्हणजे काय होते? मनात आई ओवाळून जाते, गाव उठून उभे राहते. अर्धी तृप्ती तिथेच मिळते. जेवण झाल्याचा ढेकर आला की कोण चूल पेटवायला उठतो? मुलाची कल्पनाशक्ती कमी नव्हती. ती चुकीच्या ठिकाणी लागली होती. त्याने वर्दी पाहिली. 1600 मीटर पाहिले नाहीत.

"मग फळ मनात आणूच नये का?" अशी शंका येईल. त्याचे समाधान वारीतच आहे. आळंदीहून निघालेला वारकरी पंढरी मनात धरूनच निघतो. ती नसती तर तो निघालाच नसता. पण त्याचा दिवस जातो तो सासवडच्या, जेजुरीच्या, लोणंदच्या मुक्कामाच्या हिशोबात. दिवे घाट चढताना तो पुढच्या वळणाकडे पाहतो. आणि वेळापूरजवळ धाव्याची जागा येते. तुकाराम महाराजांना येथून पंढरीचे शिखर दिसले आणि ते धावत सुटले, अशी परंपरा सांगते. आजही तिथे म्हातारीकोतारी माणसे पळत सुटतात. शिखराच्या आठवणीने पाय पळू लागतात, हे खरेच. पण ते आळंदीत घरी बसलेल्याचे पाय नसतात. पंधरा दिवस चाललेले, फोड आलेले पाय असतात! चालणाऱ्याला शिखराचे चित्र बळ देते. बसलेल्याला तेच चित्र झोप आणते.

ओटिंगेनबाईंनी सुचवलेला उपायही याच्या जवळचाच आहे. हवे ते फळ क्षणभर डोळ्यांसमोर आणावे; लगेच त्याच्या आड येणारी आपल्याच आतली अडचण आणावी. वर्दी दिसली की पहाटे पाचची गोधडीतली ऊबही दिसली पाहिजे. दोन्ही शेजारी शेजारी पाहिली म्हणजे मन कामाला लागते.

त्या आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर

आता काळोख पाहणाऱ्या आजोबांकडे वळू. 1880 साली इंग्लंडातील फ्रान्सिस गॅल्टन यांनी लोकांना विचारले की, आज सकाळचे न्याहरीचे टेबल मनात आणा. ते किती स्पष्ट दिसते? त्यांना आढळले की कोणाला ते समोर असल्यासारखे दिसते, कोणाला अंधुक, तर काहींना अजिबात नाही. आणि ज्यांना दिसत नव्हते त्यांत मोठे विद्वान होते! 2015 साली ॲडम झीमन आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला 'अफँटेशिया' असे नाव दिले. शंभरांत तीन-चार माणसांना मनातले चित्र दिसत नाही किंवा फार पुसट दिसते. त्यांतल्या एखाद्याला अजिबातच दिसत नाही. हा रोग नव्हे. अशी माणसे आईला ओळखतात, घरची वाट विसरत नाहीत, हसतात, रडतात, प्रेम करतात. डोळ्याचा रंग घारा की काळा, तसाच हा एक फरक.

तेव्हा ज्याला रूप दिसत नाही त्याने स्वतःला कमी समजू नये. आपल्या संतांनी नामाला एवढे मोठे स्थान दिले. नामाला मनातल्या डोळ्याची गरज लागत नाही. जीभ पुरते, कान पुरतो, चालणारा पाय पुरतो. ज्याला रूप दिसते त्याने ध्यान करावे, ज्याला दिसत नाही त्याने नाम घ्यावे. ज्याला दिसते त्याने दिसण्याचा अभिमानही धरू नये, कारण नुसते लख्ख दिसल्याने काय होते ते त्या मुलाच्या गोष्टीत आपण पाहिलेच.

भयाच्या चित्रांविषयी

काही चित्रे आपण बोलावत नाही, ती येतात. पतंजलींच्या योगसूत्रांत, साधनपादात, वाईट वृत्ती उसळली असता तिच्या विरुद्ध भावना मनात आणावी, असा उपाय सांगितला आहे. जोसेफ वोल्पी या वैद्याने 1958 सालच्या आपल्या ग्रंथात भीती घालवण्याची एक रीत मांडली. आधी अंग सैल सोडायला शिकवायचे. मग भीतीचे सर्वांत लहान चित्र मनात आणायचे. त्याने घाबरे वाटेनासे झाले की त्याहून थोडे मोठे. नदीची भीती बसलेल्याने आधी दुरून नदी पाहावी, मग घाटाची वरची पायरी, मग खालची, सारे मनातच. पुढे पाय खऱ्या पायरीवर जातात.

मात्र एक सांगून ठेवतो. अपघात, मारहाण, घरातला अकाली मृत्यू यांची चित्रे ज्याला दिवसरात्र छळतात, झोप लागू देत नाहीत, किंवा मनात जीव देण्याची चित्रे येतात, त्याला "नाम घे, बरा होशील" एवढे सांगून परत पाठवू नये. नाम घ्यावेच, पण मनाच्या डॉक्टरांकडेही त्याला हाताला धरून न्यावे. पाय मोडला तर आपण भजन म्हणत बसत नाही, तसेच हे.

या महिन्याचा अभ्यास

1. रात्री निजताना उद्याचे एकच काम निवडावे आणि त्याचा पहिला अर्धा तास मनात करून पाहावा. कुठे बसणार, हातात काय घेणार, आरंभ कसा करणार, एवढेच. निकाल पाहू नये.

2. फळाचे चित्र आलेच तर हाकलू नये. त्याच्याशेजारी आपली अडचण उभी करावी आणि 'तेव्हा मी काय करीन' ते ठरवावे.

3. मनात कोणाशी भांडण सुरू झाले की 'हा आत्ता इथे आहे का?' असे स्वतःस विचारावे. नसेल तर उठून पाणी प्यावे, आणि सकाळी त्याचे खरे शब्द ऐकेपर्यंत निवाडा करू नये.

4. चित्र दिसत नसेल तर शब्दांनी करावे. 'उठेन, तोंड धुईन, वही उघडीन' असे म्हटले तरी चालते.

आमच्या भावाच्या दारात आम्ही शेवटी स्वतः गेलो. जाण्यापूर्वी मनात तंटा न पाहता एवढेच पाहिले की कडी वाजवतो आहोत. पुढचे काही ठरवले नव्हते. त्याने दार उघडले आणि आत वळून म्हणाला, "अगं, दादा आलेत, चहा टाक." या खेपेस आम्ही तो गरम असतानाच प्यालो.

तो मुलगा हल्ली रात्री वर्दी पाहत नाही. उंबऱ्याजवळ ठेवलेले बूट पाहतो, आणि पहाटे ते घालतो. भरतीचा निकाल अजून लागायचा आहे. तो लागेल तसा लागो, मुलगा उठू लागला हे आईने आम्हाला डोळे पुसत सांगितले. आणि ते आजोबा परवा एकादशीला भेटले. आम्ही काही विचारण्याआधीच म्हणाले, "काळोखच हाय म्हाराज अजून. पर आता त्यात बसवतंय."

हा पाठ येथे पुरा करतो. रामकृष्णहरी.